पावतीचा नंबर सहीवर टांगू नका

जुन्या बिटकॉइन कोडवरून स्वतःचं कॉइन चालवणाऱ्या मराठवाड्यातल्या डेव्हलपर मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले काही जण छत्रपती संभाजीनगरात बसून काम करतात, काही नांदेडला शिकून आता पुण्यात आहेत, एकदोघं आमच्या लातूरचेच. सोयाबीन-तुरीचे पैसे स्वतःच्या कॉइनमधून चुकते करायचे, ही तुमची कल्पना बरेच दिवस कानावर येतेय. ती चालेल की पडेल, याचा निवाडा मी करणार नाही. दुसऱ्या नाण्याचं मराठवाड्याला तसं नवल नाही. आपल्या आजोबांच्या पिढीनं निजामाचे हाली आणि इंग्रजांचे कलदार रुपये एकाच गल्ल्यात ठेवले आणि सात हालीला सहा कलदार हा हिशोब तोंडी केला. नाणं कुठलंही असो, रोजमेळ जुळला पाहिजे, एवढंच माझ्यासारख्या हिशोबाची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्याचं म्हणणं असतं.

तुम्ही कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय, ही तुमची सगळ्यात चांगली गोष्ट. त्यामुळे तो वाचता आला. बिटकॉइनच्या २०१५ पूर्वीच्या आवृत्तीवरून तो घेतलेला दिसतो, आणि व्यवहाराचा आयडी अजूनही सहीसकट सगळ्या मजकुरावरून काढला जातो. तुमच्या जाहीर बैठकीत एकीनं यावर बोट ठेवलं, तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आलं: मॅलिएबिलिटी, म्हणजे व्यवहार तोच ठेवून त्याचा आयडी बदलता येणं, हा एक्स्चेंजवाल्यांचा प्रश्न आहे, प्रोटोकॉलचा नाही, पैसे तर कुणाचे जात नाहीत ना? टाळ्याही पडल्या. उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

आधी जे वाचक तुमच्या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. अशा साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, एक व्यवहार म्हणजे आवृत्तीचा आकडा, मग इनपुट (पैसे कुठून आले), मग आउटपुट (कुणाला किती जाणार), शेवटी लॉकटाइम (कधीपासून चालेल). मागच्या कुठल्या व्यवहारातलं कितवं आउटपुट खर्च करायचं, हे इनपुटमध्ये लिहिलेलं असतं आणि तिथेच खाली मालकाची सही आणि ती तपासायची पब्लिक की चिकटवलेली असते. या सगळ्या बाइट्सवर शा-२५६ हे गणित दोनदा चालवलं की जो आकडा, म्हणजे हॅश, निघतो तो व्यवहाराचा आयडी. सही मात्र या सगळ्यावर होत नाही. सहीला स्वतःवर सही करता येत नाही, म्हणून ज्या मजकुरावर सही करायची त्यात सह्या धरतच नाहीत. परिणाम असा की आयडी सहीच्या बाइट्सवर अवलंबून आहे, आणि त्या बाइट्सना राखणदार कुणी नाही.

आडतीत काटापट्टी फाडतात. समजा, पट्टीवर छापील नंबरच नाही. पट्टीवरचं प्रत्येक अक्षर, वजन, भाव आणि खालच्या सहीचं वळणसुद्धा मोजून नंबर काढायचा, असा नियम केला. आता पट्टी दुकानात पोचायच्या आत वाटेत कुणीतरी सहीची शेपटी जराशी लांबवली. माल तोच, भाव तोच, सहीही ओळखू येते. फक्त आडत्याच्या वहीत लिहिलेल्या नंबरची पट्टी बाजारात कुठेच सापडत नाही. तुमच्या साखळीवर आज हेच करता येतं, आणि करणारा कुणी मोठा हॅकर असायची गरज नाही.

शेपटी लांबवायचे मुख्य मार्ग तीन. सगळ्यात सुंदर मार्ग गणिताचा आहे, मला तर त्याचं कौतुकच वाटतं. तुमच्या साखळीवरच्या ईसीडीएसए पद्धतीच्या सहीत आर आणि एस असे दोन मोठे आकडे असतात. हे गणित ज्या वक्रावर चालतं त्या सेक्प-२५६-के-१ ला एन नावाचा एक ठरलेला आकडा आहे. एसच्या जागी एन वजा एस ठेवा, सही तितकीच खरी ठरते. मालकाची गुप्त प्रायव्हेट की नको, त्याला विचारायला नको, एक वजाबाकी केली की काम झालं. दुसरा मार्ग लिखाणाचा. सही बाइट्समध्ये मांडताना पहिली बाइट हेक्समध्ये ३०, मग एकूण लांबी, मग ०२, आरची लांबी आणि आर, पुन्हा ०२, एसची लांबी आणि एस. आरची पहिली बिट १ असेल तर तो ऋण आकडा वाटू नये म्हणून पुढे शून्याची एक बाइट लावायची असते. सह्या तपासणारं जुनं ओपनएसएसएल सॉफ्टवेअर या बाबतीत फार दिलदार होतं. गरज नसताना शून्यं लावलेली सहीही ते पास करायचं. किंमत तीच, बाइट्स निराळ्या, हॅश निराळा. तिसरा मार्ग स्क्रिप्टचा, म्हणजे व्यवहारातल्या छोट्या प्रोग्रॅमचा: तीच सही स्टॅकवर ठेवायला दुसरी पुश आज्ञा वापरायची. पुढे सांगायला नको.

बदललेली प्रत नेटवर्कवर मूळ प्रतीच्या आधी पसरली, मायनरनं, म्हणजे व्यवहारांचे ब्लॉक बांधून साखळीला जोडणाऱ्यानं, तीच ब्लॉकमध्ये घेतली, की मूळ प्रत बाद होते, कारण दोन्ही तेच इनपुट खर्चतात. पैसे जायचे तिथेच जातात. तुमचं उत्तर अर्धं बरोबर म्हटलं ते इतक्यापुरतं.

पण वहीचं काय होतं, ते उदगीरला दिसलं. तिथल्या एका खत-बियाण्याच्या दुकानदारानं तुमच्या चाचणीच्या काळात एका छोट्या एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटवर कॉइन काढले. एक्स्चेंजच्या पडद्यावर व्यवहार प्रलंबित, खाली लांबलचक आयडी. दुकानदाराच्या वॉलेटमध्ये कॉइन येऊनही बसलेले, पण आयडीची शेवटची अक्षरं दुसरीच. तिकडे सपोर्टच्या पोरानं पडद्यावरचा आयडी साखळीवर शोधला, सापडला नाही, म्हणाला ट्रान्झॅक्शन फेल गेलं. बटण दाबलं आणि तेवढेच कॉइन परत पाठवले. दुकानदार सरळ माणूस, त्यानंच फोन करून जास्तीचे परत घ्या म्हणून सांगितलं. प्रत्येक गिऱ्हाईक तसं निघेल या भरवशावर दुकान चालत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. दुसऱ्यांदा पाठवताना एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरनं नवी इनपुटं उचलली. जुनीच इनपुटं वापरली असती तर दुसरा व्यवहार साखळीनं नाकारला असता, कारण एकदा खर्चलेलं आउटपुट पुन्हा खर्चता येत नाही. म्हणजे दुप्पट पैसे जायला मॅलिएबिलिटी एकटी पुरत नाही, सोबत बेफिकीर हिशोबही लागतो.

माउंट गॉक्सच्या बाबतीत याच मुद्द्यावर जगभर गोंधळ झाला. टोकियोतल्या या एक्स्चेंजनं ७ फेब्रुवारी २०१४ ला बिटकॉइन काढून घेणं थांबवलं, १० तारखेला निवेदन काढून सगळं खापर ट्रान्झॅक्शन मॅलिएबिलिटीवर फोडलं, आणि २८ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज केला. साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, त्यातले दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातले ख्रिश्चन डेकर आणि रॉजर वॉटनहोफर यांच्याकडे त्याआधीच्या वर्षापासून नेटवर्कवरून जाणाऱ्या व्यवहारांची नोंद होती. त्यांनी ती तपासली. गॉक्सनं दारं बंद करण्याआधी अशा छेडछाडीत सापडलेले बिटकॉइन भरले सुमारे १,८११, आणि त्यातले डाव साधलेले चारशेच्याही आत. मोठी लाट आली ती निवेदनातून सगळ्या जगाला युक्ती कळल्यावर. लाखोंच्या तुटीचं कारण म्हणून हे आकडे कुठेच पुरत नाहीत. दोष खरा होता, पण त्याच्या आडोशाला लपवलेलं भगदाड कितीतरी मोठं होतं. तुमच्या कॉइनचं उद्या काही बिनसलं तर असा तयार आडोसा कुणाला मिळू नये, हे दुरुस्तीचं एक कारण मला पुरेसं वाटतं. त्या निवेदनाच्याच आठवड्यात बिटस्टॅम्प या दुसऱ्या एक्स्चेंजलाही विड्रॉल काही दिवस बंद ठेवावे लागले होते, हेही ध्यानात असू द्या. वही नीट ठेवणाऱ्यालाही ताप होतोच.

आपल्याकडे त्यात कराची भर आहे. १ जुलै २०२२ पासून अशा डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस आहे. तुम्ही आडत्याला महिन्याचा उतारा देता, त्यात प्रत्येक ओळीसमोर आयडी असतो. उद्या त्याचा सीए तो आयडी साखळीवर शोधायला गेला आणि असा व्यवहारच नाही असं उत्तर आलं, तर समजूत कोण घालणार? सीएला तुम्ही एन वजा एस शिकवणार का?

आता ‘पैसे तर कुणाचे जात नाहीत ना’ याकडे येतो. एका जागी ते जातात, आणि नेमकी ती जागा तुमच्याच आराखड्यात आहे.

तुम्ही लिहिलंय की खरेदीदार आणि आडत्या दोघंही एका दोन-सह्यांच्या खात्यात कॉइन अडकवतील. खरेदीदाराची मालाची रक्कम, आडत्याची अनामत. माल उतरला, काटा झाला, की दोघांच्या सहीनं पैसे सुटतील. काही बिनसलंच तर परताव्याचा व्यवहार आधीच सही करून ठेवलेला असेल, ठरलेल्या मुदतीनंतर तो साखळीवर टाकला की ज्याचे त्याला परत. रचना चांगली आहे, माझी हरकत नाही. पण परताव्याचा व्यवहार बोट कशाकडे दाखवतो? पैसे अडकवणाऱ्या व्यवहाराच्या आयडीकडे. तो आयडी साखळीवर चढताना बदलला, तर परताव्याचं बोट अस्तित्वातच नसलेल्या व्यवहाराकडे. सही केलेला कागद खिशात आणि पैसे खात्यात अडकलेले, सुटणार फक्त समोरच्यानं पुन्हा सही दिली तर. भाव पडलेले असतील तर तो सही फुकट देईल का, हे आडत बाजारात एक तुरीचा हंगाम काढलेल्या कुणालाही विचारा.

यावर तुमच्या एका सहकाऱ्यानं सुचवलेला उपाय मी वाचला: एस नेहमी एनच्या निम्म्याच्या आतच हवा, बाइट्सची मांडणी काटेकोर हवी, एवढे नियम घातले की झालं. नियम जरूर घाला, तिऱ्हाईताचा उपद्रव त्यानं आटोक्यात येतो. इथेरियम या दुसऱ्या साखळीनं मार्च २०१६ च्या होमस्टेड बदलात मोठा एस बाद ठरवला. बिटकॉइनमध्ये ऑक्टोबर २०१५ ला कुणीतरी गंमत म्हणून व्यवहारांचे एस उलटवत बसला होता, तेव्हा मोठ्या एसचे व्यवहार पुढेच न पाठवण्याचा नियम नव्या आवृत्तीत आला. पण आडत्या स्वतः सही करणारा आहे. त्याच्याकडे त्याची की आहे. नवा यादृच्छिक आकडा घेऊन तो त्याच मजकुरावर दुसरी सही करू शकतो, अगदी नियमात बसणारी, सुबक, लहान एसची. आयडी तरीही बदलला. त्याला कुठला नियम अडवणार?

बिटकॉइनवाल्यांनाही हीच भिंत लागली. त्यांच्यातले डेव्हलपर पीटर वुईल यांनी २०१४ च्या मार्चमध्ये बीआयपी (बिटकॉइन सुधारणेचा प्रस्ताव) ६२ लिहिला, त्यात बदल करण्याच्या एकेक वाटा बुजवणाऱ्या नियमांची यादी होती. यादी लांबली, नव्या वाटा दिसत राहिल्या, शेवटी प्रस्ताव मागे घेतला. त्यातला सहीच्या मांडणीचा तुकडा बीआयपी ६६ म्हणून जुलै २०१५ मध्ये लागू झाला. मूळ प्रश्न सुटला तो डिसेंबर २०१५ मध्ये मांडलेल्या बीआयपी १४१ नं, ज्याला सगळे सेगविट म्हणतात. एरिक लोंब्रोझो, जॉन्सन लाउ आणि वुईल यांचा तो प्रस्ताव. कल्पना इतकी साधी की आधी का सुचली नाही असं वाटावं: सही आयडीच्या हिशोबातूनच बाहेर काढा. ती वेगळ्या जागी, विटनेसमध्ये ठेवा. मग तिची शेपटी कुणीही ओढो, पहिली करो की दुसरी, आयडीला काही फरक पडत नाही. साखळीबाहेर व्यवहार उरकणाऱ्या लाइटनिंगसारखे आधी-सही-नंतर-वापर धाटणीचे करार बेधडक उभे राहिले ते या दुरुस्तीच्या जोरावर.

ती साधी कल्पना लागू व्हायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. ब्लॉक ४,८१,८२४. मधले वीस महिने भांडणात गेले, ब्लॉकचा आकार, मायनरांचा रुसवा, आणि १ ऑगस्टला बिटकॉइन कॅशची वेगळी चूल. जुन्या नोडना, म्हणजे साखळी तपासणाऱ्या मशीनना, धक्का न लावता, म्हणजे सॉफ्ट फोर्कनं, बसवायचं म्हणून सेगविटला बऱ्याच कसरतीही कराव्या लागल्या. जुन्या नोडला तो व्यवहार कुणीही खर्चावा असा दिसतो, विटनेसची मर्कल मुळी (सगळ्यांचा मिळून एकच हॅश) कॉइनबेसच्या, म्हणजे मायनरच्या बक्षिसाच्या व्यवहाराच्या, एका आउटपुटमध्ये दडवलेली असते, वगैरे. आणि जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून खर्च केला तर त्याचा आयडी आजही बदलता येतो.

तुम्हाला यातली एकही कसरत करायची गरज नाही, आणि तुमच्या कोडमध्ये मला सगळ्यात जास्त आशा दिसते ती इथे. तुमचे नोड मोजके, ते चालवणारे एकमेकांना नावानं ओळखतात, साखळीवर अडकलेली रक्कम अजून थोडी. सरळ हार्ड फोर्क करा, म्हणजे सगळ्या नोडनी एकदम नव्या नियमावर यायचं. ठरलेल्या ब्लॉकपासून आयडी म्हणजे सह्या वगळून उरलेल्या मजकुराचा हॅश, सगळ्याच व्यवहारांसाठी, जुने पत्ते-नवे पत्ते असा भेद न ठेवता.

हे करताना एका ठिकाणी घाई करू नका. आयडीतून सही काढली म्हणून ब्लॉकमधूनही तिचा पुरावा काढून टाकायचा नाही. ब्लॉकची मर्कल मुळी नुसत्या नव्या आयडींवर बांधलीत, तर कुणीही खऱ्या ब्लॉकमधल्या सह्या खराब करून तो पुढे पाठवू शकेल आणि ब्लॉकचा हॅश तोच राहील. ज्या नोडला खराब प्रत आधी मिळाली तो त्या हॅशलाच बाद म्हणून खूण करील आणि खरी प्रत आली तरी घेणार नाही. तेव्हा सह्यांसकटचा दुसरा हॅश ठेवा आणि ब्लॉकच्या हेडरमधून, म्हणजे माथ्यावरच्या नोंदीतून, त्यालाही बांधून घ्या. तुम्हाला हेडर बदलायची मोकळीक आहे, कॉइनबेसमध्ये दडवत बसू नका. हात घातलाच आहे तर सहीच्या मजकुरात सगळ्याच इनपुटांच्या रकमाही घ्या, बीआयपी ३४१ मध्ये घेतात तशा. हार्डवेअर वॉलेटला फी किती जातेय ते मागचे व्यवहार न मागता कळेल.

लहान एस आणि काटेकोर मांडणीचे नियमही सोबत, आणि ते कन्सेन्सस म्हणून, म्हणजे मोडले तर ब्लॉकच बाद. आयडी सुरक्षित झाला तरी सह्यांसकटचा हॅश बदलता राहावा असं काही नाही. तुमच्या वॉलेटमध्ये सिगहॅशचा, म्हणजे व्यवहाराच्या कुठल्या भागावर सही करायची याचा, पर्याय निवडायला दिलाय, तो सामान्य वापरणाऱ्याला दाखवू नका. आउटपुटवर सहीच होत नाही असा प्रकार कुणी चुकून निवडला, तर पैसे कुठे जाणार हेच कुणीही बदलील. त्याला सेगविटही वाचवत नाही.

लागू करायची पद्धत ठरवताना ४ जुलै २०१५ आठवा. बीआयपी ६६ ला शेवटच्या हजारातले ९५० ब्लॉक अनुकूल झाले, नियम लागू झाला, आणि लगेच एका लहान मायनरनं जुन्या पद्धतीचा अवैध ब्लॉक काढला. तो न तपासता त्याच्या डोक्यावर मायनरांच्या काही मोठ्या पूलनी (गटांनी) ब्लॉक रचले आणि सहा ब्लॉकांची एक फुकटची साखळी तयार झाली. होकार भरणं निराळं आणि तपासणं निराळं. तुमच्या मायनरांकडून नुसता होकाराचा झेंडा घेऊ नका. टेस्ट नेटवर्कवर मुद्दाम खराब सहीचा ब्लॉक सोडा आणि कोण तो नाकारतंय ते बघा. जो नाकारत नाही त्याच्या नोडवर आधी बसा.

मुदत ठरवताना एक विनंती. जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली की आडतीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. बदल त्याआधी करा किंवा आवक ओसरल्यावर, ऐन सौद्यांच्या दिवसांत करू नका. आणि फोर्क होईपर्यंत ते दोन-सह्यांचं खातं खऱ्या पैशांसाठी उघडू नका. आराखड्यात ते तसंच राहू दे, नुसतं बंद ठेवा.

विड्रॉलच्या बाजूला मात्र फोर्कसाठी थांबायचं कारण नाही. व्यवहार झाला की नाही हे आयडीवरून न ठरवता, त्यातली इनपुटं साखळीवर खर्च झाली का आणि पैसे त्या पत्त्यावर पोचले का, यावरून ठरवा. पुन्हा पाठवायची वेळ आलीच तर त्यातलं निदान एक जुनं इनपुट नव्या व्यवहारात आलंच पाहिजे. स्वतःचीच कन्फर्म न झालेली मोड पुढच्या व्यवहारात खर्चू नका, मागचा आयडी बदलला की पुढची सगळी माळ तुटते. सपोर्टच्या पोरांना बटण देताना ही अट कोडमध्येच घाला, त्यांच्या लक्षात राहील या भरवशावर सोडू नका.

दुरुस्तीचा मसुदा टाकलात तर टेस्ट नेटवर्कवर मी माझा नोड लावीन, एस उलटवून बघेन, सह्या खराब करून बघेन आणि जे दिसेल ते लिहून कळवीन. लातूरच्या आणखी दोघा-तिघांनी मशीन द्यायची तयारी दाखवली आहे. मसुद्याला वेळ लागणार, हे कबूल. पण तुमच्या विड्रॉलच्या फाइलमध्ये आयडी न सापडल्यास नवी इनपुटं घेऊन पुन्हा पाठवणारं जे फंक्शन आहे, ते काढायला मसुदा लागत नाही. ते आज संध्याकाळी काढा.

आपला,
लातूरच्या आडत बाजारातला एक हिशोबनीस प्रोग्रॅमर